पॉवर बँकेची चाचणी: ‘फोन दोनदा चार्ज झाला’ हा निकष बंद करा

वॅटतास: डब्यावरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला मोजलेले. म्हणजे ३७ वॅट-तास, ही साठवलेली ऊर्जा (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास; १,००० एमएएच म्हणजे एक अँपिअर-तास). यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर पडतात, तेव्हा काहीच वाया गेलं नाही तरी ७,४०० एमएएचच मिळणार. व्होल्टेज बदलताना १०-१५ टक्के उष्णतेत जातात, मग उरतात ६,३०० ते ६,६००. यात फसवणूक नाही, पण हे न सांगणारं परीक्षण अर्धवट आहे.

पद्धत सोपी आहे. बँक पूर्ण भरा, तासभर थंड होऊ द्या. यूएसबी मीटर (बाहेर पडलेले वॅट-तास मोजणारं छोटं यंत्र) थेट तिच्या पोर्टात, मीटरला इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवलेला करंट सतत ओढणारं उपकरण), २ अँपिअरवर. आकडे शून्य करा आणि बँक आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, साधारण सव्वातीन तास. खाली फरशी हवी, गादी-सोफा नको. शेवटी वॅट-तास ३१ ते ३३ दिसले तर माल खरा.

साधा_ग्राहक: सपशेल असहमत. दुकानात उभ्या माणसाला वॅट-तास सांगून काय उपयोग? त्याला फोन किती वेळा भरेल तेच हवंय.

वॅटतास: तेही याच आकड्यातून निघतं. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चार्ज होतानाची घट धरून २३ लागतात. म्हणजे ३२ मध्ये फोन एकदा पूर्ण आणि वर जेमतेम ४० टक्के. उलट फोन जोडून मोजलंत तर ८० टक्क्यांनंतर तो करंट कमी करत जातो, त्यात स्क्रीन चालू, फोन गरम. दोन बँकांची तुलना होणार कशी?

तांब्याची_तार: मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला लावू नका, हे ठळक लिहा. २८ गेजच्या, म्हणजे बारीक तारेच्या, एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ०.४३ ओहम रोध असतो. २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट तिथेच पडतात आणि दोष बँकेच्या माथी येतो. छोटा एलईडी दिवाही लोड म्हणून चालत नाही. करंट फार कमी असला की काहीच जोडलेलं नाही असं समजून बँक बंद होते.

लोड नसेल तर निदान वजनकाटा वापरा. २०,००० एमएएचच्या सेलचंच वजन ३०० ग्रॅमच्या आसपास जातं. अख्खी बँक २०० ग्रॅमची असेल तर छापील आकडा खोटा.

साधा_ग्राहक: वजनाचं पटलं. पण एकच नग, तोही नवाकोरा, आणि मीटर कुठलाही स्वस्तातला. यावरून निकाल देणं मला अजून मान्य नाही. वर्षभराने किती उरते, ते कोण मोजणार?

वॅटतास: मीटर आधी चांगल्या मल्टीमीटरशी ताडून घ्यावा आणि नग किमान दोन, तेही वेगवेगळ्या दुकानांतून. वयाचा आक्षेप मात्र रास्त आहे. भरणं-रिकामं करणं मिळून सात-आठ तास धरले तर १०० फेऱ्यांना महिना लागतो. लोड तेवढा काळ अडकून पडेल, तरी पहिल्या आणि शंभराव्या फेरीचे वॅट-तास शेजारी-शेजारी छापायलाच हवेत.