बॉस्टन मॅरेथॉन : बर्फाळ हिवाळ्यात उताराचा सराव कसा करावा?

नमस्कार.

येत्या एप्रिलमधील बॉस्टन मॅरेथॉनसाठी एका धर्मादाय संस्थेला निधी गोळा करून देण्याच्या मार्गाने मला प्रवेश मिळाला आहे. ही शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेच्या सुट्टीला असते. त्यामुळे सोळा ते अठरा आठवड्यांचे कोणतेही प्रचलित वेळापत्रक घेतले तरी ते डिसेंबरात सुरू होते आणि त्यातले सर्वांत कष्टाचे आठवडे नेमके ऐन थंडीत येतात. मी बॉस्टनच्या पश्चिमेला, शर्यतीच्या मार्गापासून फारसे दूर नसलेल्या गावात राहते आणि वयाच्या पंचेचाळिशीत आहे. थंडीत धावण्याविषयीचा सर्वसाधारण सल्ला मला भरपूर मिळाला आहे. माझी अडचण मात्र या विशिष्ट मार्गाशी निगडित आहे.

बॉस्टनचे नाव निघाले की सगळे जण 'हार्टब्रेक हिल'विषयी बोलतात. मार्गावरच्या न्यूटन या शहरातल्या चार चढांपैकी हा शेवटचा चढ विसावा मैल ओलांडल्यावर लागतो. पण त्याची उंची जेमतेम २७ मीटर आहे आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोड चढून गेलेल्या कोणालाही केवळ त्या उंचीचे भय वाटण्याचे कारण नाही. खरी गोम त्याच्या आधी आहे. हॉपकिंटनमध्ये शर्यत सुरू होते ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंचीवर आहे, बॉयलस्टन स्ट्रीटवरची अंतिम रेषा जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, आणि यातला बहुतेक उतार पहिल्या सोळा मैलांत, त्यातही मोठा भाग पहिल्या चार-पाच मैलांत येतो. उतारावर पाऊल टेकताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो आणि त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत राहते. दम लागत नसल्याने ही झीज त्या वेळी जाणवत नाही. ती न्यूटनला पोहोचल्यावर, चढ समोर उभा असताना जाणवते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे आधीपासून उतारावर धावणे, कारण अशा ताणाची सवय स्नायूंना थोड्या सरावानेही लागते आणि लागलेली सवय काही आठवडे टिकते.

अडचण इथेच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत धावण्यासाठी सर्वांत धोक्याची जागा म्हणजे उताराचा रस्ता. दुपारी वितळलेले पाणी उतारावरून वाहत येते आणि रात्री त्याचा पारदर्शक थर गोठतो. इथे ज्याला ब्लॅक आइस म्हणतात तो दिव्याच्या उजेडातही नीट दिसत नाही. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला आठवड्याचे पाचही दिवस अंधारातच धावावे लागते. बुटांना अडकवायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे लहान टोकदार खिळे, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर उत्तम चालतात, परंतु मध्येच कोरडे डांबर लागले की पाऊल अडखळते आणि उतारावर तर धावण्याची ढबच बदलते. त्यांच्यावर केलेला उताराचा सराव माझ्या मते सराव म्हणून धरू नये. न्यूटनमध्ये कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूला समांतर जाणारा, कमी रहदारीचा कॅरेज रोड धावपटूंना फार सोयीचा आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाते. तिथे शर्यतीतले चढ प्रत्यक्ष मिळतात, पण हॉपकिंटनहून अ‍ॅशलंडकडे येताना लागतो तसा दीर्घ उतार मिळत नाही. ट्रेडमिलला चढ देता येतो. काही यंत्रांना थोडासा उतारही देता येतो, मात्र माझ्या व्यायामशाळेत तसे यंत्र नाही.

कपड्यांचा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी २५ किलोमीटरच्या आसपास असेल, तर उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. अशा दिवशी मी बाहेर पडत नाही.

माझा पहिला प्रश्न साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्या मंडळींना आहे. यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने खाली यायचे असल्यामुळे, लांब उतारावर मांड्यांचे काय होते, याचा अनुभव तुमच्याइतका क्वचितच कोणाला असेल. उताराचा सराव आपण आठवड्यातून किती वेळा ठेवत होतात, आणि शर्यतीपूर्वी शेवटचा कठीण उतार किती आठवडे आधी उतरत होतात? मार्चच्या उत्तरार्धात इथले रस्ते बहुधा मोकळे होतात. त्या दोन-तीन आठवड्यांत हॉपकिंटनपासूनचा प्रत्यक्ष मार्ग दोनदा धावता आला, तर तेवढ्याने भागेल, की इतक्या उशिरा मांड्या दुखावून घेणे अंगाशी येईल?

दुसरा प्रश्न शिकागो, मिनिआपोलिस, टोरांटो अशा सपाट किंवा बर्फाळ भागांत राहून बॉस्टनची तयारी केलेल्यांना आहे. घरात करता येण्याजोगे पर्याय मला माहीत आहेत : पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, सावकाश बैठका, उंच इमारतीचे जिने उतरणे, छप्पर असलेल्या बहुमजली वाहनतळाचे उतार. यांपैकी शेवटचा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात निदान धावण्याची खरी गती आणि पावलाचा खरा आघात असतो. परंतु वळणे फार असल्याने एकाच बाजूच्या गुडघ्यावर भार येईल, अशी शंका आहे. कोणी हे नियमितपणे केले असल्यास दिशा बदलण्याची काही सोय करता आली का, आणि पहारेकऱ्यांनी हरकत घेतली का, हेही कृपया लिहावे.

तिसरा प्रश्न छोटा, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. या शर्यतीचे हवामान कोणत्याही टोकाला जाऊ शकते. २०१८ मध्ये गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता, तर २०१२ मध्ये पारा ३० अंशांच्या पुढे गेला होता. थंड पावसासाठी तर आमचा हिवाळा तयार करतोच; भीती उष्णतेची आहे, कारण शर्यत सकाळी दहानंतर सुरू होते आणि चार महिने थंडीत धावलेल्या शरीराला घाम गाळण्याची सवय राहिलेली नसते. त्यासाठी दहा ते चौदा दिवस उष्णतेत व्यायाम करावा, असे सांगितले जाते. धावून आल्यावर सॉनामध्ये (घाम येण्यासाठी तापवलेल्या खोलीत) बसणे किंवा ट्रेडमिलवर मुद्दाम जादा कपडे घालून धावणे, यांपैकी काय आपल्याला मानवले, आणि शर्यतीआधीच्या हलक्या सरावाच्या आठवड्यांत ते केल्याने थकवा वाढला का?