प्रतिसाद: काशाची वाटी आणि व्हीआर हेडसेट

वर विचारलंय की काशाच्या वाटीने तळपाय चोळून घेताना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी दृश्यं पाहायचं यंत्र, लावला की काहींना मळमळ का होते. पाय दाबल्यामुळे नाही होत. शरीर स्थिर असतं आणि डोळ्यांना मात्र आपण पुढे चाललोय असं दिसतं, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र आपण स्थिर आहोत असं सांगतो, म्हणून मेंदू गोंधळतो. म्हणून ड्रोनची दृश्यं नकोतच. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून घेतलेलं ३६० अंशांचं चित्रण, समजा सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठाचं, उत्तम. माणूस मागे रेलल्यावर समोर नुसतं आभाळ दिसतं, तेव्हा रेलल्यानंतरच (हेडसेट मेटा कंपनीचा असेल तर) हातातल्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून धरून दृश्य पुन्हा समोर आणा. खोलीत मिट्ट काळोख करू नका, हेडसेटच्या कॅमेऱ्यांना उजेड लागतो. पण भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवण्याची चूक महागात पडेल.

खरी काळजी वेगळीच आहे. लक्ष दृश्यात गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, आणि दाब जास्त झालाय हे समोरचा सांगत नाही. म्हणून आधी पाच-सात मिनिटं हेडसेटशिवाय दाब ठरवून घ्या, मग दहा-बारा मिनिटं लावा, त्यात दाब वाढवायचा नाही. थांबवायला हात वर करण्याची खूण ठरवा. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर हेडसेट नकोच, वाटीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

तेलकट हात भिंगांना लागू देऊ नका. हेडसेट दुसऱ्याने चढवावा. घाम टिपायला चेहऱ्याच्या गादीवर पातळ सुती कापड. आपला सोलापुरी टॉवेल तिथे जाड होतो, तो पायाखालीच बरा.