१५० बीपीएमवर दोन किक एकत्र आल्या की चिखल होतो

अर्धमात्रा:
बीट जुळलेले, सिंक (दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) चालू, तरी हार्ड टेक्नोचे दोन ट्रॅक एकत्र आले की खाली नुसती गुरगुर. किकचा, म्हणजे बास ड्रमचा, ठोसाच जातो. ट्रॅक १४५ आणि १५५ बीपीएमचे (मिनिटाला इतके ठोके), दोन्ही चॅनलचे लो (बासचे नॉब) मधोमध. चुकतंय कुठे? आणि सिंक असताना डीजेच्या हातात कौशल्याचं उरतं काय?

खर्ज:
लोमध्येच चुकतंय. या संगीतात किकच्या मागे रंबल असतो: त्याच किकचा रिव्हर्ब (घुमारा), डिस्टॉर्शन (खरखरीत करणारा इफेक्ट) देऊन आणि वरचे आवाज कापून ठेवलेला. एकाचा रंबल ४६ हर्ट्झवर आणि दुसऱ्याचा ४९वर असेल तर बास सेकंदाला तीनदा फुगतो आणि बसतो. तुमची गुरगुर ती हीच. येणाऱ्या ट्रॅकचा लो पूर्ण बंद ठेवा, आधी हॅट (झांजेचा आवाज) आणि मिड (मधले आवाज) आत घ्या. मग १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) झाले की बरोब्बर समेवर दोन्ही लोंची अदलाबदल, एका झटक्यात. हाउस संगीतात हळूहळू फिरवलेलं खपतं, इथे नाही.

पिचफेडर:
शिवाय १४५चा ट्रॅक थेट १५५वर नेऊ नका. ती जवळपास ७ टक्के वाढ झाली. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद असेल तर सूर अर्ध्या स्वराहून जास्त चढतो, चालू असेल तर किकची धार बोथट होते. दोघांना १५०वर आणा, साडेतीन टक्क्यांच्या आत भागतं.
सिंकचं म्हणाल तर तो ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर, चालतो. १५०चा ट्रॅक १५०.१ असा वाचला गेला तर ३२ बारांत ३४ मिलिसेकंद सरकतो आणि किक दुहेरी ऐकू येते. स्क्रीन मात्र सगळं जुळलंय असंच दाखवते. म्हणून एक कान हेडफोनला हवाच.

अर्धमात्रा:
लो समेवर बदलून पाहतो. पण मग कल्पकतेला जागा कुठे?

तिसराडेक:
भरपूर आहे! डेट्रॉइटचे टेक्नो डीजे जेफ मिल्स तीन टर्नटेबलांसोबत रोलँडचं टीआर-९०९ ड्रम मशीन हातानं वाजवतात, ते नीट ऐका. तिसऱ्या डेकवर एका बारचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) लावा, लो बंद, फक्त क्लॅप (टाळीसारखा आवाज) किंवा ॲसिडची, म्हणजे चिरक्या सिंथची, ओळ. १५०ला ३२ बार म्हणजे जेमतेम ५१ सेकंद, तेवढ्यात तो आणून काढताही आला पाहिजे. किक काढायची तर ४ बार, फार तर ८. त्यापुढे पावलं थांबतात. आणि तिसरा चॅनल उघडण्याआधी ट्रिम (चॅनलची आवाजपातळी ठरवणारे नॉब) थोडे खाली घ्या. या किक मुळातच दाबून भरलेल्या असतात, मास्टरचा (मिक्सरच्या एकूण आवाजाचा) लाल दिवा लागला की पहिला बळी त्यांच्या ठोशाचाच जातो.