ठाण्यात भूकंप ही बिल्डरांची आवई?

कोयनेकाठचा:
परवा इथे ऐरोलीकरांनी लिहिलं, "ठाणे-नवी मुंबईला भूकंपाचा धोका ही रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डरांनी उठवलेली आवई." वाचून राहवलं नाही. पनवेल फ्लेक्शर, म्हणजे खडकांचे थर वाकून भेगाळलेला पट्टा, आपल्याच भागातून जातो. वज्रेश्वरी-गणेशपुरीचं कढत पाणी भेगांतूनच वर येतं ना? डहाणू-तलासरीची माणसं 2018च्या नोव्हेंबरपासून हादरे सोसतायत. आमच्या कोयनेलाही धरण भरल्यापासून जमीन हलायची, लोक म्हणायचे सवय झाली. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे मोठा भूकंप झाला, तेव्हा आजीने बाबांना उचलून अंगणात आणलं, मागे वळून बघते तर भिंत पाळण्यावर.

ऐरोलीकर:
2002च्या भूकंप-नकाशात कोयना झोन 4, आपण झोन 3, म्हणजे कमी धोक्याचे. बरोबरी कशाला? आमच्या 31 वर्षांच्या इमारतीला ऑडिटमध्ये, म्हणजे मजबुतीच्या तपासणीत, 'धोकादायक' ठरवलं आणि त्याच आठवड्यात बिल्डर दारात. चार वर्षं झाली, बिल्डरकडून मिळणारं भाडं बंद, नवी इमारत अजून पायातच. वडील भाड्याच्या खोलीतच वारले. मला भीती कसली घालता?

साइटवाला:
झोनवर भांडू नका. 2001ला भूकंप भुजजवळ झाला आणि दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत इमारती बसल्या. खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या त्यांत. त्यात खाडीतला भराव असेल तर हादरा वाढतोच.

नौपाड्याची:
पार्किंग म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या कमिटीने दोन गाड्या जास्त बसाव्यात म्हणून जिन्यालगतची भिंत पाडली. कोपऱ्यातल्या कॉलमला गाड्या घासून गिलावा गेलाय, आतल्या सळईचे गंजून पापुद्रे सुटतात, बोट लावलं की हातात येतात. सभेत बोलले तर सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आधी तुमची स्कूटर हलवा."

ऐरोलीकर:
मग गाड्या ठेवायच्या कुठे? रस्त्यावर ठेवली की उचलून नेतात.

नौपाड्याची:
वर माझी दोन मुलं झोपतात. गाडीचं काय सांगता!

साइटवाला:
ताई, ती भिंत कोणाला विचारून पाडली, हे लेखी मागा. कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं कवच, करता येतं. आणि ऑडिटर सोसायटीने स्वतः नेमायचा, बिल्डरने आणलेला नाही.

कोयनेकाठचा:
ऐरोलीकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्या बिल्डरचा राग जमिनीवर काढू नका.

ऐरोलीकर:
ऑडिटर आम्ही नेमला असता तर रिपोर्ट मानला असता, एवढं कबूल. फ्लेक्शरचं तुमचं तुमच्यापाशी.

नौपाड्याची:
रविवारी सभा आहे. सळईचे फोटो काढलेत. एका कॉलमच्या जॅकेटिंगला किती खर्च येतो, कोणी सांगेल का?