एडीएचडीची गोळी आत्ताच सुरू करू की आधी आहार-सप्लिमेंट करून बघू? (वय ३८)

रानजाई:
नमस्कार सगळ्यांना. पुण्यात राहते, अकाउंट्सचं काम करते, दोन मुलं. थोरल्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं तो त्रास) निघालं, त्याच्यासाठी वाचत गेले आणि प्रत्येक ओळ माझीच वाटायला लागली, मग स्वतःसाठी सायकियाट्रिस्टकडे गेले. त्यांनी सविस्तर विचारलं, आईशी फोनवर बोलले, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकंसुद्धा मागितली कारण बारा वर्षांच्या आत लक्षणं दिसलेली असावी लागतात म्हणे. आईने जपून ठेवली होती. चौथीला बाईंचा शेरा आहे, "हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते, वह्या अपूर्ण". निदान पक्कं झालं आणि मिथाइलफेनिडेट एसआर १० ही लक्ष टिकायला मदत करणारी गोळी लिहून दिलीय.

अजून सुरू केलेली नाही. आई म्हणते मेंदूच्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत. सासूबाई ब्राह्मी आणि अश्वगंधा घे म्हणतात, त्यांनी आणूनही ठेवलंय. नवऱ्याचं म्हणणं ओमेगा थ्री, मॅग्नेशियम, झिंक चार महिने घेऊन बघ, साखर आणि मैदा बंद कर, मग ठरवू. न्यू जर्सीची मावसबहीण स्वतः औषध घेते, ती म्हणते संत्र्याचा रस पिऊ नकोस, औषध निकामी होतं. मला खरंच कळत नाहीये कुणाचं ऐकू. ऑफिसात मार्चएन्डची चूक थोडक्यात निभावली, पुढच्या वेळी निभावणार नाही. ज्यांनी हे सगळं प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज, आहार आणि सप्लिमेंटवर भागतं का?

निशिगंध:
रानजाई, मी काही वर्षं हेच औषध घेतेय, ठाण्यात असते. आहारावर भागतं का याचं माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे, पण आहार सोडून गोळीवर भागतं का याचंही उत्तर नाहीच आहे. गोळीने दुपारची भूक मरते. म्हणजे अगदी डबा उघडला तरी घास घ्यावासा वाटत नाही, आणि मग पाच-सहाला गोळी उतरायला लागली की डोकं दुखतं, चिडचिड होते, मुलांवर ओरडलं जातं आणि घरचे म्हणतात बघ गोळीमुळे स्वभाव बदलला, त्यातला निम्मा भाग नुसता उपाशीपणा असतो.

म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता. नुसते पोहे आणि चहा नाही. पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी, नाहीतर मटकीची उसळ, भाजणीचं थालीपीठ आणि वाटीभर दही, मुगाचं धिरडं, असं काहीतरी प्रोटीनवालं. दुपारी भूक नसली तरी घड्याळ लावून थोडं खायचं, मी ताक आणि शेंगदाणे टेबलावरच ठेवते. चारला लाडू किंवा केळं. पाणी आठवणीने. आणि चहा-कॉफी कमी कर गं, गोळीवर दोन कप कडक कॉफी झाली की माझी छाती धडधडायची, डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच बंद करायला लावलं.

फायदा काय होतो ते पण सांगते. रिटर्न भरायला बसले की बसते. पूर्वी फाइल उघडायची, मग एक मेल, मग मेलमधली लिंक, मग दुपार. आता फाइल उघडली की तीच फाइल दिसते. पण कुठली फाइल उघडायची हे गोळी सांगत नाही, त्यासाठी यादी, अलार्म, आणि काउन्सेलरबरोबर सवयींवर काम करावंच लागलं.

सह्याद्रीचा_वारा:
मी थोडं वेगळं मत मांडतो. निदान नाही पण लक्ष लागत नाही म्हणून वैद्यांकडून ब्राह्मी सुरू केली, रात्री अश्वगंधा. झोप चांगली लागायला लागली, सकाळी डोकं शांत असतं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चाललेलं आहे, एकदम नियंत्रित औषधाकडे जायच्या आधी करून बघायला काय हरकत आहे? मन लावून सांगतोय, गोळीला विरोध म्हणून नाही.

बोरकूट:
आहारतज्ज्ञ आहे म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

सह्याद्री, तुमची झोप सुधारली ही चांगलीच गोष्ट आहे आणि झोप सुधारली की कुणाचंही लक्ष सुधारतं. ब्राह्मीचे अभ्यास आहेत पण बहुतेक स्मरणशक्तीवर, निरोगी किंवा वयस्कर लोकांवर, आणि परिणाम दिसायला सुमारे तीन महिने. मोठ्यांच्या एडीएचडीवर गोळीच्या जवळपास जाईल असं काही नाही. अश्वगंधा थायरॉइडची पातळी हलवते, यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, त्यामुळे थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. आणि रसकल्प (पारा किंवा धातूंची भस्मं घालून केलेली औषधं) असलेल्या "मेधावर्धक" गोळ्या ऑनलाइन मागवू नका कुणी. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली आयुर्वेदिक औषधं तपासली होती, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

रानजाई, आता तुमच्या यादीकडे. साखर बंद केल्याने एडीएचडी जात नाही. १९९५ मध्ये साखरेवरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र करून पाहिले, ज्यात मुलांना आणि पालकांना साखर दिलीय की गोड चवीचं दुसरं काही हे माहीतच नव्हतं, त्यात मुलांच्या वागण्यात फरक दिसला नाही. वजन, शुगर यासाठी कमी करा जरूर, पण मुलाच्या वाढदिवसाचा केक हिरावून घेऊ नका. ओमेगा थ्रीचा परिणाम आधीच्या अभ्यासांत दिसला तो छोटा, आणि मुलांमधला, २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) तर मुलांमध्येही फारसा फायदा आढळला नाही. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, महागड्या कॅप्सूलपेक्षा बरं. जवसाची चटणी उत्तम आहे, रोज खा, पण जवसातल्या ओमेगाचं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीरात फार कमी होतं. मॅग्नेशियम, झिंक, कमतरता असेल तर उपयोग, नसेल तर पैसे वाया. आणि "मेंदूसाठी" म्हणून विकतात त्या पाकिटांवर बी६ किती आहे ते वाचा, जास्त डोस बरेच महिने घेतला तर हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो.

माझ्या मते चार महिने सप्लिमेंट चालवून बघण्यापेक्षा एका सकाळी रक्त द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेल्या बायका मला रोज भेटतात. दम लागतो, डोकं धुकट, लक्ष नाही, केस गळतात. शाकाहारी असाल तर बी१२ नक्की बघा. घोरत असाल आणि झोपून उठल्यावरही थकवा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. यातलं काही सापडलं तर त्यावर इलाज करा, पण एडीएचडी त्याने गायब होईल असं धरून चालू नका, तुमची चौथीची वही काही बी१२ मुळे अपूर्ण नव्हती.

मेडिकल_काउंटर_सांगली:
ताई, आमचं मेडिकल आहे, औषधाच्या बाजूचं सांगतो. मिथाइलफेनिडेट शेड्युल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) येतं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही आहे. म्हणून प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्याचं लायसन्स वेगळं लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, रजिस्टर ठेवावं लागतं. चिठ्ठी डुप्लिकेट लागते, एक प्रत आम्ही ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपावी लागते. त्यामुळे डॉक्टरांकडूनच दोन प्रती घ्या नाहीतर हेलपाटा पडतो, काउंटरवर वाद घालून उपयोग नाही, आम्हाला देताच येत नाही. व्हिडिओ कॉलवर पण ही गोळी लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइनमध्ये शेड्युल एक्स स्पष्ट वगळलंय, प्रत्यक्ष जावंच लागतं. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीत विचारा, किंवा डॉक्टरांच्या रिसेप्शनला विचारा त्यांचे पेशंट कुठून घेतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करा, मध्ये मध्ये स्टॉक येत नाही. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी, ती चावायची नाही, तोडायची नाही.

सवयीचं आईंना असं सांगा, की गैरवापर होऊ शकतो म्हणूनच एवढं कुलूप-रजिस्टर आहे. डॉक्टरांच्या डोसमध्ये तोंडाने घेतलेली गोळी हळू चढते, नशा होत नाही. लहानपणी हे औषध घेतलेल्यांमध्ये पुढे व्यसनं वाढतात का हे अभ्यासून झालंय, २०१३ च्या एकत्रित अभ्यासात वाढ दिसली नाही. आणि बंद करायची झाली तर डॉक्टर बंद करतात, जन्माची बेडी नाही. तुमची गोळी दुसऱ्या कुणाला एक दिवस म्हणूनसुद्धा देऊ नका, परीक्षेच्या दिवसांत पोरं विचारतात.

खडीसाखर:
मी मिथाइलफेनिडेट नाही, ॲटॉमॉक्सेटिन घेतो. बीपी थोडं वर असायचं आणि एन्झायटीही होती म्हणून डॉक्टरांनी हे निवडलं, पण बीपी-नाडी यावरही बघावीच लागते. हे मिथाइलफेनिडेटसारखं स्टिम्युलंट (उत्तेजक) नाही, शेड्युल एक्समध्ये नाही, नेहमीच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं. मात्र धीर लागतो, मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी जाणवतं, याला चार ते सहा आठवडे सहज जातात, कधी जास्त. सुरुवातीला मळमळ, तोंड कोरडं, लघवीला वेळ लागणं, हे झालं. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ हमखास, जेवणाबरोबर घेतली की कमी. कॅप्सूल उघडायची नाही, पावडर डोळ्याला लागली तर जळजळ होते. आणि डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर आधी सांगा, त्याने याची रक्तातली पातळी खूप वाढते. माझं म्हणणं एवढंच की एक औषध नाही जमलं तर दुसरं आहे, पहिल्याच गोळीला घाबरून दार लावू नका.

एडिसनची_शेजारीण:
न्यू जर्सीहून लिहितेय, संत्र्याच्या रसाचा प्रश्न बघून राहवलं नाही. तुमची बहीण बहुतेक ॲम्फेटामिनवालं औषध घेत असणार, इकडे ते सर्रास देतात. त्याचं शरीरातून बाहेर जाणं लघवीच्या आम्लतेवर बदलतं आणि व्हिटॅमिन सीने ते लवकर निघून जातं, म्हणून तिला ते सांगितलंय. भारतात ती औषधं मिळत नाहीत आणि मिथाइलफेनिडेटला हा नियम लागू नाही. मोसंबी खुशाल खा. आणि सुट्टीत तिच्या बाटलीतली गोळी तिकडे आणायला सांगू नका हं कृपा करून, भारतात त्याने फार मोठा गोंधळ होईल.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणीच समजावलं नव्हतं. बोरकूट ताई, तुमचं वाचून रक्त दिलं. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ९, बी१२ पण कमी, थायरॉइड ठीक. सायकियाट्रिस्टना दाखवलं, ते म्हणाले लोह आणि बी१२ सुरू करा आणि गोळीसुद्धा सुरू करा, थांबायचं कारण नाही. बीपी-नाडी बघितली, घरात कुणाला हार्टचा त्रास, काचबिंदू वगैरे विचारलं. सासूबाईंना बसून सांगितलं, त्यांनी स्वतः अळिवाचे लाडू करायला घेतलेत. फक्त एक विचारायचं राहिलं, मी सोमवार आणि चतुर्थी धरते, त्या दिवशी गोळीचं काय करू?

बोरकूट:
फेरिटिन ९ म्हणजे खरंच रिकामं झालंय, बरं झालं पाहिलंत. लोहाची गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवा, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्या, साधारण तीन महिन्यांनी परत तपासा. अळीव लिंबाच्या रसात भिजवलेत तर अजून छान. उपासाला गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, पण घेणार असाल तर चहा आणि साबुदाण्यावर दिवस काढू नका. भगर आणि दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाकरी, पनीर चालत असेल तर पनीर, आणि हे सकाळी गोळीच्या आधी, रात्री उपास सोडताना नाही. निर्जळी तर अजिबात नको.

पाणवठा_लातूर:
धागा वाचून विचारतोय. भाऊ २६ चा आहे, सगळी लक्षणं जुळतात. आमच्या तालुक्याला सायकियाट्रिस्ट नाही. सुरुवात कुठून करू?

मेडिकल_काउंटर_सांगली:
दादा, आधी १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलि-मानस लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, जवळ कुठे जायचं ते सांगतील. नाहीतर सरळ जिल्हा रुग्णालयातली किंवा मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. भावाची जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा आणि आई किंवा लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी बरोबर न्या, निम्मं काम तिथेच होतं. आधीच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंही पिशवीत टाका.