आइसबॉक्समधलं वितळलेलं पाणी ओतून देऊ नका

रानवाटा (धागाकर्ता)

कॅम्पवर एक रात्र गेली की कुणीतरी हमखास आइसबॉक्सचं बूच काढतं आणि तळाशी साचलेलं पाणी सोडून देतं. 'पाण्यात बर्फ लवकर विरघळतो' हे त्यामागचं ठरलेलं कारण. माझं मत अगदी उलट आहे. पेयांच्या पेटीत बर्फ तरंगत असेपर्यंत त्या पाण्याला हात लावू नये.

बर्फ आणि पाणी एकत्र असतात तोवर त्यांचं तापमान ० अंशांच्या आसपास राहतं. बाहेरून शिरणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्ची पडते, पाणी तापवण्यात नाही. त्यामुळे तळाशी जे साचलंय ते ० अंशांचं पाणी आहे आणि त्यात बुडालेल्या बाटलीला सगळ्या बाजूंनी गारवा मिळतो. ते काढून टाकलं की बाटली आणि बर्फाचे खडे यांच्यामध्ये हवा उरते. स्थिर हवेतून उष्णता पाण्याच्या मानाने विसाव्या हिश्श्याहूनही कमी वाहते. पेटीत बर्फ दिसत असूनही बाटली कोमट लागते, ती यामुळेच.

बर्फही शक्यतो लादीचा घ्यावा. वजन तेवढंच असलं तरी लादीचा उघडा पृष्ठभाग खड्यांपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ती जास्त टिकते. खडे हवेत ते झटपट गार करायला, तेव्हा थोडे वरून टाकावेत. आणि पाणी काढायचंच असेल तर नवा बर्फ भरताना, एकदाच. त्याआधी नाही.

शिदोरी

असहमत. तुम्ही फक्त पेयांचा विचार केला आहे. बहुतेकांकडे पेटी एकच असते आणि त्यात दूध, दही, चिरलेली फळं, कच्चं मांस, कालचा भात असं सगळं एकत्र असतं. कच्च्या मांसाच्या पिशवीतून रस गळला की तो त्या ० अंशांच्या पाण्यातून सगळीकडे पसरतो. घट्ट म्हणवणाऱ्या डब्यांतही पाणी शिरतं, हे पेटी रिकामी करताना प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आणि ज्या पाण्यातून मांसाची पिशवी काढली, त्याच पाण्यात बुडलेली बाटली पुढच्या क्षणी कुणाच्या तरी तोंडाला लागते.

गार पाण्यात जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते एवढंच. अन्नासाठी धोक्याचा पट्टा साधारण ५ ते ६० अंशांचा. नाशवंत अन्न त्या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त राहिलं, किंवा हवा ३२ अंशांच्या वर असताना एका तासाहून जास्त राहिलं, तर ते टाकून द्यावं. 'परत उकळू की' हे उत्तर इथे चालत नाही. भातात वाढणारा बॅसिलस सिरियस आणि हाताळणीतून येणारा स्टॅफिलोकोकस या जंतूंची काही विषं उकळूनही नष्ट होत नाहीत. माझ्या पेटीतलं पाणी मी काढणार. बर्फ थोडा लवकर संपला तरी चालेल.

रानवाटा

शिदोरी, म्हणूनच मी 'पेयांच्या पेटीत' असं लिहिलं. अन्नाची पेटी वेगळीच हवी, आणि त्यात सुटा बर्फ नकोच. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. गारवा बर्फाचाच मिळतो, पाणी बाटलीबाहेर येत नाही आणि वितळलं की प्यायला होतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तेव्हा बाटली काठोकाठ भरू नये. पण कुणी सरसकट सांगतं की 'पाणी काढलं की बर्फ टिकतो', ते मला पटत नाही.

पारा

दोघंही ज्या पाण्यावरून भांडताय त्याचा हिशोब करून बघू. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. त्याच १ किलो पाण्याला ० वरून ५ अंशांवर यायला फक्त २१ किलोज्यूल लागतात. म्हणजे २ लिटर पाणी ओतून दिलं तर साधारण सव्वाशे ग्रॅम बर्फाएवढा गारवा गेला. नुकसान आहे, पण फार मोठं नाही. बाटलीला पाणी सगळीकडून भिडतं हा रानवाटा यांचा मुद्दा मला पटतो. मात्र तो गार होण्याच्या वेगाचा मुद्दा आहे, बर्फ टिकण्याचा नाही.

झाकणाचंही तसंच. ४० लिटरच्या पेटीतली सगळी हवा बदलून दमट, गरम हवा आत आली तरी ती पुन्हा गार करायला दहा-बारा ग्रॅम बर्फ लागतो. दिवसात तीसदा उघडलं तरी अर्ध्या किलोच्या आत.

खरा चोर वेगळाच आहे. ३० अंशांवरच्या १० लिटर बाटल्या पेटीत ठेवल्या, तर त्यांना ५ अंशांवर आणायला १०४५ किलोज्यूल लागतात. ३ किलोहून जास्त बर्फ नुसता त्यातच जातो! बाटल्या आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. रिकामी पेटीसुद्धा रात्रभर थोडा बर्फ घालून गार करून घ्या, कारण तिच्या भिंतीही गार व्हायला बर्फ खातात. पाण्याचा वाद त्यानंतर घालू.

माळरान

पारा यांचे आकडे झटकन उघडून बंद केलेल्या झाकणासाठी ठीक आहेत. कॅम्पवर तसं होत नाही. कुणाला काय हवं हे ठरेपर्यंत झाकण उघडं असतं आणि पेटी उन्हात. गरम हवा आत येतच राहते, ऊन थेट बर्फावर पडतं. त्यामुळे उघडण्याची संख्या मोजण्यापेक्षा ती किती वेळ उघडी राहिली हे बघायला हवं. सतत लागणारं वर ठेवा, पेटी सावलीत ठेवा, आणि सावली सरकते हे लक्षात असू द्या. सकाळी झाडाखाली ठेवलेली पेटी दुपारी उन्हात येते. कोरड्या हवेत पेटीवर ओलं, फिक्या रंगाचं जाड कापड टाकलं तर बाष्पीभवनाने बराच फरक पडतो. दमट हवेत त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

खडेमीठ

बर्फात मीठ घातलं तर? तापमान शून्याच्याही खाली जातं, मग बर्फ जास्त टिकायला हवा ना?

पारा

नाही, उलट होतं. मिठामुळे बर्फ कमी तापमानाला वितळतो. प्रमाण नेमकं जुळलं तर मिश्रण −२१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. पण मीठ नवा गारवा निर्माण करत नाही, आहे तोच लवकर खर्च करतं. शिवाय आतलं तापमान जितकं खाली, तितकी बाहेरून उष्णता जास्त आत येते. अर्ध्या तासात बाटली गार करायची असेल तर मीठ उत्तम. दोन दिवस काढायचे असतील तर नको. काचेची बाटली तर मुळीच नको, आतलं पेय गोठून ती फुटेल.

चार्जर

गाडी शेजारी उभी असताना बर्फाचा एवढा खटाटोप कशाला, हे मला खरंच कळत नाही. १० किलो बर्फ वितळून जेवढी उष्णता घेतो ती ०.९३ युनिट. कॉम्प्रेसरचा फ्रिज जेवढी वीज घेतो त्याहून जास्त उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे तेवढ्याच कामाला वीज त्याहून कमी लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या वर वीज असते. त्यातून दोन दिवस सहज निघावेत, आणि सौर पॅनल असेल तर पुढेही. दूध ४ अंशांवर ठेवलं की ४ वरच राहतं. पाणी नाही, बूच नाही, भिजलेले डबे नाहीत.

फक्त स्वस्तातला पेल्टियर कूलर (कॉम्प्रेसर नसलेली, विजेवर गार होणारी पेटी) फ्रिज समजून घेऊ नका. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २० अंश खाली जातो. बाहेर ३५ असेल तर आत १५, आणि ते अन्नाला चालत नाही.

हलकी सॅक

मी पाठीवर सामान घेऊन चालणारा. माझा विरोध तुम्हा सगळ्यांनाच आहे. गार ठेवावं लागेल असं अन्न नेऊच नये. दूध पावडर, डाळी, सुकामेवा, पीठ. पहिल्या रात्रीपुरतं काही नाशवंत न्यायचं तर गोठवून, कपड्यांच्या घडीत गुंडाळून न्या आणि त्याच संध्याकाळी संपवा. बाटली ओढ्यात बुडवून गार होते, पण ओढ्याचं पाणी ५ अंशांच्या खाली क्वचितच असतं, म्हणून ते पेयापुरतंच, दुधाला नाही. आणि बाटलीचं तोंड पाण्याबाहेर राहू द्या.

माळरान

ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, विषय कुणी काढण्याआधीच सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. तो −७८.५ अंशांचा असतो आणि त्याचं पाणी होत नाही, थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचणारा. बंद तंबूत किंवा काचा लावलेल्या गाडीत ती पेटी ठेवून झोपू नका. पेटी हवाबंदही करू नका, आतला दाब वाढून ती फुटू शकते. उघड्या हाताने तर धरायचाच नाही.

रानवाटा

चार्जर, तुमचा हिशोब मान्य, पण फ्रिज आणि बॅटरी यांचं वजन त्यात धरलेलं नाही. शिवाय तंबूची जागा गाडीपासून लांब असली की ते सगळं तिथेच राहतं. दोन रात्रींच्या कॅम्पला मी बर्फच नेणार. पारा, सव्वाशे ग्रॅमही मला सोडवत नाहीत. दुपारी बाटलीला हात लावल्यावर फरक कळतो.

शिदोरी

ठेवा पाणी, पेयांच्या पेटीत ठेवा. पण अन्नाच्या पेटीत ५०-६० सेंटीमीटर वायरचा थर्मामीटर टाका आणि त्याचं टोक बर्फाला चिकटवून न ठेवता दुधाच्या पिशवीला लावा. बर्फाजवळ तो १ दाखवेल आणि वरच्या थरात दूध ९ वर असेल. झाकणाखालच्या त्या थरातच आपण दही आणि चिरलेली फळं ठेवतो, काढायला सोपं जातं म्हणून.