मेडॅलियन या शब्दाचा अर्थ आणि उगम काय?

प्रश्न
महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मी कोल्हापुरातील गुजरीत घडणाऱ्या दागिन्यांवर लेख लिहीत आहे. संदर्भासाठी घेतलेल्या एका इंग्रजी ग्रंथात कोल्हापुरी साजाच्या मधल्या पदकाला मेडॅलियन म्हटले आहे, आणि पुढच्याच प्रकरणात स्तूपाच्या कठड्यावरील गोल शिल्पालाही हाच शब्द वापरला आहे. मेडल आणि मेडॅलियन यांत नेमका फरक काय, शब्द मुळात कुठला, आणि दोन्ही ठिकाणी ‘पदक’ लिहिले तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
शब्द मूळचा इटालियन आहे. त्या भाषेत ‘मेदाल्या’ म्हणजे पदक आणि ‘ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. त्यामुळे ‘मेदाल्योने’ म्हणजे मोठे पदक. तेथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि सतराव्या शतकात इंग्रजीत रुळला. ‘मेदाल्या’च्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार तो धातू या अर्थाच्या ‘मेटालुम’ या लॅटिन शब्दापासून आला, तर दुसऱ्या मतानुसार ‘अर्धे’ या अर्थाच्या शब्दापासून, म्हणजे देनारियस या रोमन नाण्याच्या निम्म्या किमतीच्या नाण्याच्या नावावरून.

मोठेपणाची ही कल्पना समजून घ्यायची तर पिसानेल्लो या इटालियन कलावंताचे काम पाहावे. बायझंटाईन सम्राट आठवा जॉन 1438 मध्ये धर्मपरिषदेसाठी फेरारा येथे आला असता पिसानेल्लोने त्याचे पदक घडवले. एका बाजूस उंच, टोकदार टोपी घातलेल्या सम्राटाचा बाजूने दिसणारा चेहरा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला सम्राट, आणि व्यास सुमारे 10 सेंटिमीटर. हे पदक नाण्यासारखे ठसा मारून पाडलेले नाही, तर ओतीव आहे. ते चलन नव्हते आणि स्पर्धेचे बक्षीसही नव्हते. व्यक्तीचे स्मरण राहावे, एवढाच त्याचा हेतू होता. रोमन सम्राटही नेहमीच्या नाण्यांहून मोठे असे तुकडे पाडून मर्जीतल्या लोकांना भेट देत, आणि नाणेशास्त्रात त्यांनाही मेडॅलियनच म्हणतात.

प्रतिसाद 2
वरील माहितीला एक जोड देतो. पुढे धातू सुटला आणि आकार तेवढा उरला. गोल चौकटीत बसवलेली कोणतीही आकृती, मग ती दगडातली असो, गालिच्याच्या मध्यावरची असो किंवा छतावरची, मेडॅलियन ठरू लागली. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावरील जेतवन या बागेचे शिल्प हे याचे उत्तम उदाहरण आहे. अनाथपिंडिक या धनिक व्यापाऱ्याने बुद्धासाठी ही बाग विकत घेताना जमिनीवर नाणी अंथरली, तो प्रसंग त्या वर्तुळात कोरला असून नाणी चक्क चौकोनी दाखवली आहेत. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात ते पाहायला मिळते. अशा शिल्पाला पदक म्हटले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे कांस्यपदक येईल. तेव्हा तेथे ‘वर्तुळाकार शिल्पपट’ असेच लिहावे.

प्रतिसाद 3
दागिन्याच्या बाबतीत मात्र ‘पदक’ हाच शब्द ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. गळ्यात घालून छातीवर रुळणारा दागिना हा त्याचा जुना अर्थ आहे आणि बक्षिसाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामुळे येथे इंग्रजी शब्दाची उसनवारी करण्याचे कारण नाही. एक खबरदारी अवश्य घ्यावी. साजातील जवमण्यांमध्ये ओवलेल्या प्रत्येक नक्षीला मेडॅलियन किंवा पदक म्हणू नये. त्यांना पाने म्हणतात. परंपरेने ती 21 मानली जातात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणकाचे, एक पाचूचे आणि शेवटचे डोरल्याचे. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने आकार उठवून आत लाख भरतात, म्हणून पान दिसायला भरीव असले तरी हाताला हलके लागते. आपल्या लेखात ही घडण आवर्जून यावी, कारण ओतीव पदक आणि लाख भरलेले पान यांतला फरक नावापेक्षा घडणीतूनच वाचकाला अधिक नीट कळेल.